टायर वेळेआधी का संपतो? फुकटात काय तपासायचं आणि गाडी रॅम्पवर कधी चढवायची

"टायर किती किलोमीटर चालतो?" हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी ऐकावा लागतो. दर वेळी मी उलट विचारतो, "मागचे टायर कुठून झिजले होते?" बहुतेकांना सांगता येत नाही. जुने टायर दुकानातच सोडून आलेले असतात. घोळ तिथेच होतो, कारण नव्या टायरचं काय होणार हे त्या जुन्या टायरवर लिहिलेलं असतं.

मी एका कंपनीच्या चौदा गाड्यांची देखभाल बघतो. मी मेकॅनिक नाही. गाड्या रस्त्यावर राहाव्यात आणि खर्च आटोक्यात राहावा, एवढंच माझं काम. प्रत्येक टायरची नोंद एका वहीत असते. त्या वहीत एकाच मॉडेलच्या, एकाच आठवड्यात घेतलेल्या दोन गाड्या आहेत, टायरही एकाच कंपनीचे. एकीचे पुढचे टायर ५२ हजार किलोमीटरला बदलले, दुसरीचे २३ हजारांत गोटा झाले. दुसऱ्या गाडीत बिघाड होता, आणि तो शोधायच्या आधीच आम्ही नवीन टायर टाकून मोकळे झालो. तेही पंचवीस हजारांच्या आत गेले. तेव्हापासून आमच्याकडे टायर का झिजला हे कळल्याशिवाय नवीन टायर येत नाही. टायर धोकादायक झाला असेल तरच अपवाद.

आधी लक्षणं

टायरकडे नुसतं उभ्याने बघून काही कळत नाही. स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, खाली बसा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि टायरच्या पूर्ण रुंदीवरून हात फिरवा. यातलं काय आढळतं ते लिहून ठेवा:

- दोन्ही कडा झिजल्या आहेत, मधली नक्षी चांगली आहे.
- मधला पट्टा झिजला आहे, कडा चांगल्या आहेत.
- एकच कड झिजली आहे. बहुतेक वेळा आतली, म्हणूनच ती दिसत नाही.
- हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत लागतं, उलट फिरवला तर करवतीसारखं टोचतं.
- नक्षीत ठरावीक अंतराने उंचवटे आणि खळगे झालेत. चालत्या गाडीत विमानासारखी घरघर येते.
- साधारण ८० ते ११० च्या वेगात स्टीअरिंग किंवा सीट थरथरते.
- सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते, किंवा गाडी सरळ चालताना स्टीअरिंग वाकडं राहतं.
- एकाच टायरची हवा दर आठवड्याला कमी होते.
- नक्षी भरपूर आहे, पण बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा आहेत.

आणि तीन लक्षणं अशी, की ती दिसली तर पुढचं काही वाचत बसू नका: बाजूला फुगा आला आहे, कुठेही तार किंवा दोरा उघडा पडला आहे, किंवा बाजूच्या भिंतीला आतले दोरे दिसतील इतका खोल काप गेला आहे. तिथेच स्टेपनी लावा. फुग्याचा अर्थ असा, की खड्ड्यात किंवा दुभाजकावर आपटून आतले दोरे तुटले आहेत आणि हवा आता नुसत्या रबराने धरून ठेवली आहे. फुग्याला दुरुस्ती नाही, पॅच नाही. "हवा थोडी कमी ठेवून चालवा" असा सल्ला मी स्वतः ऐकला आहे. हवा कमी केली की ती भिंत आणखी वाकते आणि आणखी तापते.

मग साधारण आयुष्य किती?

नवीन टायरच्या नक्षीची खोली साधारण ७ ते ८ मिलिमीटर असते. मुख्य खाचांच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. अनेक देशांत कायद्याची मर्यादाही हीच आहे. पण पावसात पाणी बाजूला सारायचं काम खाचा करतात, आणि १.६ पर्यंत येईतो ते काम बरंच मंदावलेलं असतं. म्हणून मी ३ मिलिमीटरलाच बदलतो. कोरड्या रस्त्यावर फरक जाणवणार नाही. साचलेल्या पाण्यावरून ब्रेक मारला की जाणवतो.

साध्या वापराच्या कारचे टायर माझ्या वहीप्रमाणे ४० ते ६० हजार किलोमीटर जातात. इलेक्ट्रिक गाड्यांचे लवकर संपतात, कारण बॅटरीमुळे गाडी जड असते आणि मोटरचा पूर्ण जोर पहिल्या क्षणापासून चाकावर येतो. तुमचा टायर ३० हजारांच्या आतच संपत असेल, किंवा एकाच चाकाचा टायर बाकीच्यांच्या पुढे पळत असेल, तर गाडीत काहीतरी बिघडलं आहे असं समजून शोधायला लागा.

शोधायचं ते स्वस्तापासून महागाकडे. उलट्या क्रमाने गेलेले लोक दोनदा पैसे देतात.

१. तारीख वाचा

याला पैसेही लागत नाहीत आणि अवजारही लागत नाही. टायरच्या भिंतीवर डीओटी अशी तीन अक्षरं असलेली ओळ शोधा. तिच्या शेवटी चार आकडे असतात, बहुधा लंबगोल चौकटीत. ३५२१ असेल तर टायर २०२१ सालच्या ३५ व्या आठवड्यात बनला. कधीकधी ही पूर्ण ओळ एकाच बाजूला असते आणि नेमकी ती बाजू आत जाते. बाहेर आकडे दिसले नाहीत तर टायरला तारीखच नाही असं समजू नका, गाडीखाली डोकं घाला.

किलोमीटर कमी असले तरी रबराचं वय वाढतंच. हवेतला ओझोन आणि ऊन रबर कडक करतात. त्यावर उपाय म्हणून रबरात संरक्षक मेण मिसळलेलं असतं. टायर चालताना दबतो-सुटतो तेव्हा ते मेण हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं. गाडी महिनोन्महिने एका जागी उभी राहिली की ते येणं मंदावतं. म्हणूनच महिन्याला शंभर किलोमीटर चालणाऱ्या गाडीच्या टायरला रोज पळणाऱ्या गाडीच्या आधी भेगा पडलेल्या मी बघितल्या आहेत. मालकाला ते पटत नाही, "नक्षी तर नव्यासारखी आहे" म्हणतो. नक्षी असतेच, पण रबर मेलेलं असतं.

अनेक गाडी कंपन्या ६ वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात. मोठ्या टायर कंपन्यांचं म्हणणं असं, की ५ वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि १० वर्षांपुढे कुठल्याही परिस्थितीत वापरू नका. स्टेपनीलाही हे लागू आहे. डिकीत आठ वर्षं निजलेली, कधीच न वापरलेली स्टेपनी नवीन नसते.

इथे एक उपयोग लगेच होतो: दुकानात नवीन टायर बसवण्यापूर्वी तारीख वाचा. गोदामात नीट ठेवलेला वर्षभराचा टायर चालतो. तीन वर्षांचा मी परत पाठवतो.

२. नक्षी मोजा, तीन ठिकाणी

नक्षीची खोली मोजायचं गेज हे या पोस्टमधलं सगळ्यात स्वस्त अवजार आहे. प्रत्येक टायरची आतली खाच, मधली खाच आणि बाहेरची खाच मोजायची. चार टायर, बारा आकडे, दहा मिनिटं. मोजताना गेजची पिन त्या १.६ च्या उंचवट्यावर टेकवू नका, बाजूला घ्या. उंचवटा सापडत नसेल तर टायरच्या खांद्यावर (नक्षी संपून भिंत सुरू होते तिथे) टीडब्ल्यूआय ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण शोधा, त्याच्या सरळ रेषेत तो असतो.

या बारा आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. पहिली, झीज कुठे आहे. दुसरी, टायर आणखी किती जाईल. समजा नवीन असताना ८ मिलिमीटर होते आणि १२ हजार किलोमीटरनंतर ६.४ उरले. म्हणजे दर हजार किलोमीटरला ०.१३ मिलिमीटर. ३ मिलिमीटरपर्यंत यायला अजून ३.४ आहेत, म्हणजे साधारण २५ हजार किलोमीटर. हा हिशेब सगळ्यात कमी आकड्यावर करायचा, सरासरीवर नाही. आतली कड २ आणि बाहेरची ६ असेल तर तुमचा टायर २ मिलिमीटरचा आहे.

२३ हजारांत गोटा झालेल्या गाडीचं हेच झालं होतं. बाहेरून बघितलं तर नक्षी ठीक. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, अजून सहा महिने आरामात." मी स्टीअरिंग वळवून आत हात घातला आणि बोटाला काहीतरी बारीक टोचलं. टॉर्च मारला तर आतल्या कडेला दोन बोटं रुंदीचा गुळगुळीत पट्टा, आणि त्यात चार-पाच इंच चमकणारी तार. आदल्याच दिवशी ती गाडी हायवेवरून आली होती.

३. हवा

माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी निम्म्याहून जास्त इथेच मिटतात, म्हणून यावर जरा थांबतो.

दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत, तर हवा कमी होती. मधला पट्टा झिजला, तर हवा जास्त होती. हवा कमी असली की टायरचा मधला भाग आत दबतो आणि सगळं वजन खांद्यांवर येतं. शिवाय भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, त्यातून उष्णता तयार होते, आणि उष्णतेने रबर व आतले पट्टे एकमेकांपासून सुटायला लागतात. भर उन्हात, पूर्ण लोड घेऊन, हायवेवर टायर फुटतो त्याच्या मागे बऱ्याचदा कित्येक महिन्यांची कमी हवा असते.

आकडा कुठला धरायचा? ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो, त्यावरचा. पुढच्या-मागच्या चाकांचे आणि पूर्ण लोडचे आकडे वेगळे असू शकतात. टायरच्या भिंतीवर ४४ किंवा ५१ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असं काही लिहिलेलं दिसेल. ती त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीसाठीचा सल्ला नाही. तो आकडा बघून ४४ भरून घेतलेली गाडी माझ्याकडे आली आहे, मधला पट्टा साफ.

डोळ्याने हवा ओळखायचा नाद सोडा. रेडिअल टायरची भिंत मऊ असते, योग्य हवेतही ती खाली थोडी फुगलेलीच दिसते. मिशलिनने रेडिअलचं पेटंट १९४६ मध्ये घेतलं, तरी चाकाला लाथ मारून हवा ओळखणारे अजून आहेत. ३२ आणि २५ यांतला फरक पायाला कळत नाही.

हवा थंड टायरमध्ये मोजायची: गाडी निदान तीन तास उभी असावी, किंवा एक-दीड किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसावी. चालल्यावर टायर तापून आकडा ४-५ पीएसआय वर जातो. तापलेल्या टायरमधली "जास्तीची" हवा सोडली, की रात्री थंड झाल्यावर तोच टायर कमी हवेचा होतो. बाहेरचं तापमान साधारण ५-६ अंशांनी उतरलं की १ पीएसआय कमी होतो. थंडी सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात डॅशबोर्डवर टायरचा दिवा लागतो तो यामुळे. याशिवाय धडधाकट टायरही महिन्याला साधारण १ पीएसआय गमावतोच.

स्वतःचं गेज घ्या. एका पंपावरच्या मीटरवर मी ३३ भरून घेतले, घरी थंड झाल्यावर माझ्या गेजवर २७ आले. थोडी उष्णता आणि बराचसा मीटरचा खोटेपणा. त्या मीटरवर रोज किती गाड्या हवा भरत असतील कोण जाणे. गेज थोडं चुकत असलं तरी ते दर वेळी तेच असतं, हा मोठा फायदा.

डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबून राहू नका. बऱ्याच गाड्यांत तो हवा २५ टक्के उतरल्यावर लागतो. ३२ पीएसआय हवे असताना २६ वर तुम्ही महिनाभर चालवाल आणि दिवा गप्प राहील. काही गाड्यांत तर टायरमध्ये सेन्सरच नसतो. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त फेरे घेतंय का, एवढंच ब्रेकची एबीएस यंत्रणा बघते. तिथे हवा भरल्यावर सिस्टिम रिसेट करावी लागते, नाहीतर चुकीच्या हवेलाच ती बरोबर समजून बसते.

नायट्रोजनबद्दल विचाराल तर, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. भरायचा तर भरा, पण तपासणं सुटत नाही.

४. एकाच टायरची हवा उतरत असेल तर

साबणाचं पाणी आणि ब्रश. आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर थेंब टाका. बुडबुडे आले तर आतली पिन सैल किंवा खराब आहे, ती मिनिटभरात बदलते. मग व्हॉल्व्हची रबरी दांडी वाकवून मुळाशी बघा. टायर दोनदा बदलला आणि व्हॉल्व्ह तोच ठेवला, तर तिथे भेग असतेच. मग नक्षीवर, आणि शेवटी टायर जिथे डिस्कला (चाकाच्या धातूच्या रिमला) बसतो त्या कडेवर पाणी सोडा. अलॉय डिस्क त्या कडेला गंजून खरखरीत झाली की हवा अगदी हळू सुटते, आणि पंक्चर काढणारा "काही सापडलं नाही" म्हणून परत पाठवतो. टायर उतरवून ती कड घासून साफ केली की काम होतं.

पंक्चर नक्षीच्या मधल्या भागात आणि ६ मिलिमीटरपर्यंत असेल तरच दुरुस्त करायचं, तेही टायर उतरवून, आतून पॅच आणि प्लग एकत्र लावून. बाहेरून घुसवलेली दोरी घरी पोचण्यापुरती. खांद्यावर किंवा भिंतीवर पंक्चर असेल तर टायर गेला.

५. वजन, आकार आणि सवयी

डिकी उघडा. काही डिक्या म्हणजे चालतं गोदाम असतं. भिंतीवर १९५/६५ आर १५ ९१ व्ही असं काही लिहिलेलं असतं, त्यातल्या ९१ चा अर्थ एका टायरवर जास्तीत जास्त ६१५ किलो. शेवटचं अक्षर वेगमर्यादेचं, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर. मागच्या वेळी स्वस्तात मिळाला म्हणून कमी लोडचा टायर बसवला असेल तर तो लवकरच संपणार.

सवयींबद्दल फार बोलत नाही, कुणी ऐकत नाही. गाडी उभी असताना स्टीअरिंग पूर्ण वळवणं आणि वळणावर ब्रेक दाबत जाणं, या दोन गोष्टी पुढच्या टायरच्या कडा खातात. एकाच जागी चपटा झिजलेला डाग म्हणजे कधीतरी चाक जाम होऊन घसटलं आहे.

६. टायर आलटून पालटून लावलेत का?

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ओढणं, वळणं आणि बहुतेक ब्रेकिंग पुढचेच टायर करतात. मागचे नुसते फरपटत येतात. न फिरवता चालवलं तर पुढचे निम्म्या आयुष्यातच जातात, आणि त्यात बिघाड काहीच नसतो. दर ८ ते १० हजार किलोमीटरला पुढचे सरळ मागे न्या, आणि मागचे डावे-उजवे बदलून पुढे आणा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलायची नाही, त्याच बाजूला पुढचा मागे आणि मागचा पुढे. पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर असतील तर हा मार्गच बंद.

एक सावधगिरी: झीज एका कडेला असेल तर नुसतं टायर फिरवून ती लपवू नका. तीन महिन्यांनी चारही टायर त्याच कडेला झिजलेले दिसतील. हे मी करून बघितलं आहे.

नट ताऱ्याच्या क्रमाने, म्हणजे शेजारचा नाही तर समोरचा, असे आवळा आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासा.

७. थरथर: बॅलन्सिंगच्या आधी पाइप मारा

स्टीअरिंग थरथरत असेल तर बहुधा पुढची चाकं, सीट थरथरत असेल तर मागची. दुकानात जाण्यापूर्वी डिस्कच्या आतल्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारा. आत वाळलेला चिखल चिकटला असेल तर तेवढ्या वजनानेही चाक नाचतं. चिखलाच्या रस्त्यावरून आल्यावर सुरू झालेली थरथर मी असा फवारा मारूनच घालवली आहे. मग डिस्कवर चिकटपट्टीचा चौकोनी डाग शोधा. तिथलं वजन पडलं असेल तर बॅलन्सिंग, म्हणजे छोटी वजनं लावून चाकाचा तोल साधणं, करून घ्या.

बॅलन्सिंग करूनही थरथर गेली नाही तर डिस्क वाकली आहे का ते मशीनवर चाक फिरताना स्वतः उभं राहून बघा. कड वर-खाली नाचताना दिसते.

८. अलाइनमेंट

अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. झीज एका कडेला किंवा करवतीसारखी असेल, तर वरचं सगळं करून शेवटी इथेच यावं लागतं.

फेंगडं चालणाऱ्या माणसाची चप्पल एका बाजूने झिजते, तसंच हे. चाकं वरून बघितली तर त्यांची तोंडं किंचित आत किंवा बाहेर वळलेली असतात, त्याला टो म्हणतात. समोरून बघितलं तर चाक वरच्या बाजूला आत किंवा बाहेर झुकलेलं असतं, तो कॅम्बर. टायर सगळ्यात वेगाने खातो तो टो. एक चाक फक्त पाव अंश चुकलं असेल, तर प्रत्येक किलोमीटरमागे ते साधारण चार मीटर आडवं जाऊ बघतं. गाडी त्याला सरळ नेते, म्हणजे तेवढं रबर रस्त्यावर घासलं जातं. तोंडं बाहेर वळली असतील तर आतली कड जाते, आत वळली असतील तर बाहेरची. आणि दोन्ही चाकं सारखीच चुकली असतील तर गाडी कुठेही ओढत नाही, म्हणून "गाडी तर सरळ चालते" हा पुरावा धरू नका. आमची २३ हजारवाली गाडी एकदम सरळ चालायची.

गाडी ओढत असेल तर मशीनवर जाण्यापूर्वी एक फुकटची युक्ती: पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघा, दिशेचे टायर नसतील तर. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरमध्ये आहे, गाडीत नाही.

दुकानात गेलात तर आधी हवा बरोबर करा, डिकी रिकामी करा आणि काम झाल्यावर आधीच्या-नंतरच्या आकड्यांचा कागद मागा. तो न देणाऱ्या दुकानात मी परत जात नाही. कागदावर फक्त पुढचा टो बघून थांबू नका, मागच्या चाकांचे आकडेही बघा. बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढे फक्त टो बदलता येतो, कॅम्बर बदलायची सोय नसते आणि मागे तर काहीच नसतं. मग मर्यादेबाहेरच्या लाल आकड्याकडे बोट दाखवल्यावर उत्तर मिळतं, "हे अ‍ॅडजस्ट होत नाही." उत्तर खरं आहे, पण अर्धं. जे अ‍ॅडजस्ट होत नाही ते बिघडलं कसं, हा पुढचा प्रश्न. काहीतरी वाकलं आहे किंवा झिजलं आहे.

९. खालचं सामान

इथपर्यंत आलात तर स्वतः फक्त बघायचं, उघडायचं नाही.

गाडी सपाट जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. पुढचं चाक उचला आणि खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर गाडी असताना खाली हात किंवा डोकं घालू नका. चाक घड्याळातल्या ९ आणि ३ वर धरून हलवा. टकटक झाली तर टाय रॉड एंड (स्टीअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) सैल असण्याची शक्यता जास्त. मग १२ आणि ६ वर धरून हलवा. इथे हललं तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर बेअरिंग, तरीही हललं तर बॉल जॉइंट (चाक सस्पेन्शनला जोडणारा सांधा). रबरी बुश (जोडांमधले रबराचे तुकडे) फाटले आहेत का ते टॉर्चने दिसतं. शॉकअब्सॉर्बरवर तेल ओघळलं असेल तर तो गेला. उंचवटे-खळगे पडलेली नक्षी बहुधा त्याचीच खूण असते, कारण चाक रस्त्यावर टेकून न राहता टपटप उडत असतं. बॉनेट दाबून गाडी किती वेळा हलते ते मोजायची जुनी पद्धत अगदीच मेलेला शॉक पकडते, अर्धामेला नाही.

यातलं काहीही सैल असताना अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे पाण्यात. मशीनवर आकडे हिरवे दिसतील आणि पहिल्या खड्ड्यात पुन्हा हलतील. आमच्या त्या गाडीची अलाइनमेंट दोनदा झाली होती. दोष निघाला लोअर आर्मच्या (चाक खालून धरणाऱ्या दांड्याच्या) मागच्या बुशमध्ये. ब्रेक मारला की आर्म मागे सरकायचा, टो बाहेर जायचा, आणि गाडी उभी केली की सगळं जागेवर. उभ्या गाडीवर मशीन तरी काय दाखवणार.

कुठे थांबायचं

चाकात टकटक सापडली, मागचे आकडे लाल आले, कॅम्बर एका बाजूला वेगळा आला, किंवा गाडी आपटून गेल्यावर झीज सुरू झाली, तर सस्पेन्शनचं काम करणाऱ्या चांगल्या मेकॅनिककडे द्या. बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड सुटला तर चाक वळायचं थांबतं किंवा मोडून पडतं. यूट्यूब बघून शिकायची ही जागा नाही. स्प्रिंगला तर घरी हातच लावायचा नाही, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेते. तसंच, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करूनही दोन हजार किलोमीटरमध्ये आतल्या-बाहेरच्या झिजेत फरक मोजता येण्याइतका दिसला, तर तिसऱ्यांदा अलाइनमेंटला पैसे देऊ नका. गाडी रॅम्पवर चढवून खालचा प्रत्येक जोड पहारीने हलवून बघायला सांगा.

कारण सापडलं, आता टायर

एका अॅक्सलवरचे, म्हणजे पुढचे किंवा मागचे, दोन्ही टायर एकत्र बदला. दोनच नवीन घेत असाल तर ते मागे लावा आणि मागचे पुढे आणा. गाडी पुढची चाकं ओढत असली तरीही. दुकानदार वाद घालेल. पाण्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की सावरते. मागची घसरली तर गाडी गोल फिरते, आणि ते सावरणं साध्या ड्रायव्हरच्या हातचं नाही. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत जुन्या-नव्याच्या उंचीतला फरक गिअरच्या सामानावर ताण देतो. तिथे किती फरक चालतो ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. नवीन टायरसोबत नवीन व्हॉल्व्ह, हे सांगायला विसरू नका.

बसवून आल्या दिवशीच बारा आकडे, किलोमीटर आणि तारीख वहीत लिहा. मी ३ हजार किलोमीटरला पुन्हा मोजतो. तोवर एकाच टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या खाचेत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक पडला असेल, तर गाडी त्याच आठवड्यात परत रॅम्पवर जाते.